पूल की वाडा : शेनोंसोहून आल्यावर लिहिलेले पत्र

तूर, फ्रान्स
दि. २१ मे

ती. अण्णा, ती. सौ. आई आणि ती. आजी यांस अनघाचा शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. परवा रविवारी शेनोंसोची छायाचित्रे पाठवली, तेव्हा आईने बागेचे कौतुक केले, आजीने ‘एवढ्या घराचा केर कोण काढतो’ असे विचारले आणि अण्णांनी एकच प्रश्न केला, ‘हा पूल आहे की वाडा?’ तेवढ्यात माझ्याकडचे नेटवर्क गेले आणि उत्तर राहून गेले. ते फोनवर देता आलेच नसते, असे आता वाटते, कारण प्रश्न एका वाक्याचा असला तरी उत्तराला पाचशे वर्षे लागली आहेत. म्हणून आज सुटी असल्याने सकाळीच कागद घेऊन बसले आहे.

शेनोंसो आमच्या तूरपासून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर आहे. तूरच्या उत्तर अंगाने लुआर ही मोठी नदी वाहते आणि दक्षिण अंगाने शेर. शहर ओलांडल्यावर थोड्या अंतराने शेर लुआरला मिळते. फ्रेंचमध्ये ‘शेर’ या उच्चाराचा एक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘प्रिय’ असाही होतो आणि ‘महाग’ असाही. तिकिटाच्या खिडकीपाशी उभे राहिल्यावर दुसरा अर्थ आधी आठवतो. गाडी लहानशी, तीन डब्यांची होती. स्थानक इतके छोटे की उतरल्यावर रूळ ओलांडले की वाड्याचे फाटकच लागते. गावाचे आणि वाड्याचे नाव उच्चाराला एकच, पण फ्रेंचमध्ये लिहिताना गावाच्या नावाला शेवटी एक मुके अक्षर जास्त असते आणि वाड्याच्या नावाला ते नसते.

येथे अशा वास्तूला ‘शातो’ म्हणतात. शब्दकोशात पाहाल तर ‘किल्ला’ असा अर्थ मिळेल. परंतु शेनोंसोला तट नाही, दारूगोळ्याची कोठारे नाहीत, आणि राहणाऱ्यांनी तेथे लढायांपेक्षा मेजवान्याच अधिक केल्या. म्हणून मी आपला ‘वाडा’ हाच शब्द वापरते. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा कृष्णेच्या काठावर आहे, घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्याला हात लावता येतो. शेनोंसोत फरक एवढाच, की तेथे वाडा काठावर थांबलेला नाही. तो नदीत उतरला आहे, आणि नुसता उतरून न थांबता पलीकडच्या काठाला जाऊन टेकला आहे.

फाटकापासून आत जाणारा रस्ता सरळ रेषेत आखलेला असून दोन्ही बाजूंना प्लेन नावाची उंच झाडे आहेत. त्यांच्या खोडांची साल पोपडे निघाल्यासारखी सुटते आणि खाली फिकट हिरवे, पिवळट ठिपके दिसतात. जुन्या भिंतीचा रंग उडावा तसे. या झाडांच्या बोगद्यातून दहा मिनिटे चालल्यावर पांढरी वास्तू समोर येते. समोरून पाहताना ती पूल वाटत नाही. कोपऱ्यांना बारीक बुरूज लावलेले, उतरत्या काळ्या पाटीच्या छपराचे एक चौकोनी घर, एवढेच दिसते. पुलाचा भाग घराच्या पाठीशी लपलेला असतो. तो पाहायचा तर डावीकडच्या किंवा उजवीकडच्या बागेत जावे लागते.

अण्णा, येथून पुढे तुमचा विषय सुरू होतो. या जागी मध्ययुगात मार्क नावाच्या घराण्याचा लहानसा किल्ला होता आणि त्याला लागून नदीत पाणचक्की होती. राजाच्या खजिन्याचे काम पाहणाऱ्या तोमा बोहिये या अधिकाऱ्याने ती जागा विकत घेतली, किल्ला पाडला, त्याचा एकच गोल बुरूज अंगणात तसाच ठेवला, आणि १५१३ ते १५२१ या काळात पाणचक्कीच्या नदीतल्या दगडी पायावर हे चौकोनी घर उभे केले. नव्याने पाया न खणता जो पाया इतकी वर्षे पुराला पुरून उरला होता त्याच्यावरच त्याने भरवसा ठेवला. बोहिये स्वतः इटलीतल्या मोहिमांमुळे बहुधा बाहेरच असे, त्यामुळे बांधकामावर प्रत्यक्ष देखरेख त्याची पत्नी कॅथरीन ब्रिसोने हिने केली. घरात सरळ चढत जाणारा जिना आहे. त्या काळी फ्रान्समध्ये गोल फिरणारे जिने असत, त्यामुळे असा जिना म्हणजे नवलाई होती. इटलीत पाहिलेली वस्तू नवऱ्याने सांगितली असेल, पण रोज उभे राहून ती करवून घेतली बाईने.

‘काम तडीस गेले तर माझी आठवण राहील’ अशा अर्थाचे बोहियेचे ब्रीद होते. काम तडीस गेले, पण तो १५२४ मध्ये वारला आणि दोन वर्षांनी ती गेली. मग सरकारी हिशेबात बोहियेच्या नावावर मोठी बाकी निघाली आणि १५३५ मध्ये मुलाला हा वाडा राजाकडे भरणा म्हणून द्यावा लागला. अण्णा, तुमच्या बांधकाम खात्यात ऑडिटच्या नावाने सगळे का हबकत असत ते मला येथे कळले.

दिवाणखान्याआधीच्या ओसरीत वर मान करून पाहिले, तर कमानींच्या मधले कळीचे दगड एका रेषेत नाहीत. एक डावीकडे, एक उजवीकडे, असे ते नागमोडी बसवले आहेत. मुद्दाम केलेली ही मौज आहे असे तेथे सांगतात. तुम्ही पाहिले असते तर गवंड्याला बोलावून ओळंबा लावायला सांगितले असते, हे मला माहीत आहे.

आता स्वयंपाकघराविषयी. हे आईसाठी लिहिते आहे, परंतु अण्णांनीही वाचावे. स्वयंपाकघर घराच्या तळाशी, नदीतल्या जुन्या पाणचक्कीच्या खांबांच्या पोटात आहे. अरुंद पायऱ्या उतरून गेल्यावर एकदम गारवा लागला आणि बाहेरचा माणसांचा कोलाहल बंद झाला. छत कमानीचे व बुटके. भिंतीत प्रचंड चूल, शेजारी पाव भाजण्याची भट्टी, एका खोलीत मांस टांगण्याचे लोखंडी आकडे आणि लाकडी ठोकळ्यावर सुऱ्यांची रांग. आजीने ही खोली डोळे मिटून ओलांडावी. पलीकडे तांब्याची भांडी उतरत्या क्रमाने लावली आहेत: हंड्याएवढ्या पातेल्यापासून वाटीएवढ्या भांड्यापर्यंत, सगळी घासून आरशासारखी केलेली. मी दोरीच्या अलीकडून वाकून आत पाहिले, तर काही भांड्यांना आतून कल्हई होती. वाईच्या बाजारात कल्हईवाला भाता घेऊन बसायचा आणि नवसागराचा तो झोंबरा वास गल्लीभर पसरायचा, ते मला त्या फ्रेंच स्वयंपाकघरात आठवले, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाईंना मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ते समजावूनही सांगितले. त्या म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी त्यांच्याही गावात असा माणूस येत असे.

या स्वयंपाकघराच्या खालच्या अंगाला नदीवर एक छोटासा धक्का आहे. धान्य, भाजी, लाकूड होडीतून थेट येथे उतरत असे. एका कोपऱ्यातल्या खिडकीतून मी खाली पाहिले. पाणी हाताला लागेल इतके जवळ, हिरवट, वरून संथ. पण खांबाला भिडते तेथे दोन भाग होऊन कडेने वेगाने सुटते, आणि खांबाच्या मागे भोवऱ्यासारखे फिरत राहते. अण्णा मला लहानपणी ढोल्या गणपतीच्या मागे नेऊन दाखवत असत, ‘बघ, देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची का केली ते, पुराचे पाणी आले की दुभंगून बाजूने जाते.’ पुण्याहून आलेले पाहुणे गणपतीचे पोट पाहत आणि आम्ही पाठ पाहत असू. शेनोंसोतही मी पहिल्यांदा खांबांची तीच बाजू शोधली. प्रवाहाच्या तोंडाशी ते फुगीर करून पुढे काढले आहेत. दगड मात्र आपल्यासारखा काळा नाही. या भागात ‘त्युफो’ नावाचा पांढरा चुनखडीचा दगड मिळतो. तो इतका मऊ असतो, की त्यावर कोरीव काम सहज होते. पण त्याच मऊपणामुळे तो झिजतोही आणि सतत बदलावा लागतो. आपला बसाल्ट कोरताना छिन्नी बोथट होते आणि मग शतकानुशतके कोणी बघायला येत नाही. दोन्हींचे आपापले दुःख आहे.

पूल बांधला तो दियान द प्वातिये हिने. राजा दुसरा आन्री याने १५४७ मध्ये गादीवर आल्यावर हा वाडा तिला दिला. ती त्याची राणी नव्हती. राणी होती कॅथरीन द मेदिची. दियान राजापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठी होती आणि राजाचे तिच्यावाचून पान हलत नसे, हे साऱ्या दरबाराला ठाऊक होते. आजी, तू येथे ‘शिव शिव’ म्हणशील. परंतु ही बाई हिशेबाला चोख होती. भेट मिळालेली वस्तू उद्या परत मागितली जाईल हे ओळखून तिने कोर्टकचेऱ्या करून १५५५ मध्ये वाडा कायदेशीरपणे स्वतःच्या नावावर करून घेतला, आणि मगच मोठा खर्च काढला. फिलिबेर द लोर्म या त्या काळच्या नामांकित वास्तुकाराकडून १५५६ ते १५५९ या काळात तिने घरापासून पलीकडच्या काठापर्यंत कमानींचा दगडी पूल बांधून घेतला. पलीकडे रान होते, शिकार होती.

पूल झाला त्याच वर्षी, १५५९ च्या उन्हाळ्यात, घोड्यावरून भाल्यांनी खेळायच्या झुंजीत राजाच्या डोळ्यात तुटलेल्या भाल्याची ढलपी घुसली आणि तो दहा दिवसांनी मरण पावला. कॅथरीनने दियानला शेनोंसो सोडायला लावले आणि बदल्यात शोमोंचा वाडा दिला. कायद्याने वाडा दियानचाच असल्याने नुसते हाकलता येत नव्हते, अदलाबदलच करावी लागली; कोर्टातली ती खटपट अगदीच वाया गेली नाही. आपल्या नवऱ्याच्या प्रेयसीने बांधलेला पूल कॅथरीन पाडू शकली असती. तिने तो पाडला नाही, त्याच्यावर दोन मजले चढवले. खालच्या मजल्यावरचे दालन साठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे, म्हणजे सुमारे दोनशे फूट बाय वीस फूट, आणि त्याला अठरा खिडक्या आहेत. १५७७ मध्ये तिसऱ्या आन्रीच्या, म्हणजे तिच्या मुलाच्या सन्मानार्थ येथे मोठा नाचगाण्याचा समारंभ झाला. तेव्हा अण्णा, १५५९ साली विचारले असते तर उत्तर होते ‘पूल’, आणि १५७७ साली विचारले असते तर उत्तर होते ‘दिवाणखाना’.

या दालनात मी बराच वेळ काढला. जमिनीवर पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या पाटीच्या फरश्या बुद्धिबळाच्या पटासारख्या बसवल्या आहेत. पांढऱ्या फरश्या मधोमध खोलगट झाल्या आहेत, काळ्या तेवढ्या झिजलेल्या नाहीत; त्यामुळे पाऊल प्रत्येक वेळी किंचित वरखाली पडते आणि आपण होडीत आहोत असा भास होतो. खिडक्यांपैकी काही खांबांच्या बरोबर डोक्यावर, अर्धगोल कोनाड्यांत आहेत. तेथे उभे राहिले की तिन्ही बाजूंना पाणी दिसते. ऊन पाण्यावर पडून त्याची जाळी छताच्या लाकडी तुळयांवर हलत होती. एक शाळेतला मुलगा फरशीवर उताणा पडून ती जाळी पाहत होता, बाई त्याला ओरडत होत्या, आणि माझी सहानुभूती अर्थातच मुलाकडे होती.

बागेबद्दल आईने तीनदा विचारले आहे, म्हणून तिच्याकडे वळते. बागा दोन आहेत, दोन्ही त्याच काठावर आणि वाड्याच्या दोन बाजूंना. एक दियानची, एक कॅथरीनची. माणसे गेली तरी भांडण जमिनीवर आखलेले राहिले. दियानची बाग मोठी, १२,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. कॅथरीनची ५,५०० चौरस मीटर, म्हणजे निम्म्याहून कमी. कॅथरीनने वाडा घेतला, दिवाणखाना बांधला, तरी आज येणारा माणूस आधी दियानच्या बागेकडे वळतो. मीही तेच केले.

दियानच्या बागेची पहिली गंमत तिच्या कठड्यात आहे. शेरला पूर येतो, म्हणून बागेभोवती दगडी भिंती बांधून उंच धक्के केले आहेत आणि त्यांवरून चालायला रस्ता आहे. त्यामुळे बाग आधी वरून दिसते, गालिचा अंथरल्यासारखी. सरळ आणि तिरप्या वाटांनी तिचे आठ त्रिकोण झाले आहेत. प्रत्येक त्रिकोणात हिरवळ, आणि हिरवळीवर सांतोलिना नावाच्या करड्या पानांच्या झुडपांची वळणे काढली आहेत. आई, दिवाळीत तू ठिपक्यांची रांगोळी न काढता हाताने सोडलेली वेलबुट्टी काढतेस ना, थेट तशी. फक्त ही रांगोळी कात्रीने काढलेली आहे आणि रोज वाढते.

मधोमध एक कारंजे आहे. ते दिसायला अगदी साधे आहे आणि म्हणूनच मला फार आवडले. सोळाव्या शतकातल्या एका वास्तुकाराने त्याचे वर्णन लिहून ठेवले होते, त्यावरून ते पुन्हा घडवले आहे. एका मोठ्या गोट्याला भोक पाडून त्यातून पाण्याची एकच धार सरळ उंच उडते. सिंह नाहीत, मासे नाहीत, संगमरवरी मुले नाहीत. दगड आणि धार, एवढेच. वारा आला की धार मोडते आणि पलीकडच्या बाकावरची माणसे उठून पळतात.

मी गेले तेव्हा वसंतातली झाडे काढून उन्हाळ्याची लावण्याचे काम चालू होते. वर्षातून दोनदा अशी लागवड होते आणि तिच्यासाठी लागणारी सुमारे १,३०,००० रोपे याच आवारात तयार केली जातात. दोन माळी गुडघ्याखाली फळी घेऊन वाफ्यात बसले होते. एकाने दोन खुंट्यांना सुतळी ताणून बांधली होती. रोप ठेवायचे, बोटांनी माती सारायची, अंगठ्याने दोन्ही बाजूंनी दाबायचे, मग पुढचे, असा क्रम एकदाही न चुकता चालला होता. रोपारोपांत अंतर मोजायला त्याच्याकडे पट्टी नव्हती. तो हाताची वीत टाकत होता. आजी परसात झेंडू लावताना जशी वीत टाकते तशीच. काढलेली पॅन्सीची झाडे, अजून फुले असलेली, टोपलीत भरून नेत होते. माझ्याच्याने राहवले नाही, मी विचारले, यांचे काय करता? माळी म्हणाला, ‘खत.’ आणि पुढचे रोप उचलले.

कॅथरीनची बाग मला थोडी घरगुती वाटली. मध्ये गोल हौद, त्याच्याभोवती हिरवळीचे पाच तुकडे, गोल छाटलेली झुडपे, भिंतीच्या आधाराने चढणारे गुलाब आणि वाटेच्या कडेने लव्हेंडर. लव्हेंडर अजून फुलायचे होते, पण पान चुरगळले तरी बोटांना वास लागतो. दुपारनंतर या बाजूने वाड्यावर ऊन येते, म्हणून छायाचित्रे काढणाऱ्यांची येथे गर्दी होते. मी पाठवलेला तो अण्णांच्या प्रश्नाचा फोटो येथूनच काढलेला आहे.

तिसरी बाग दाखवण्याची नव्हे, कामाची आहे. आवाराच्या एका कडेला जुन्या शेतघरांपाशी हेक्टरभराहून मोठी भाज्यांची व फुलांची वाडी आहे. वाड्यातल्या प्रत्येक खोलीत ताज्या फुलांची रचना असते आणि ती फुले येथून जातात. खोल्यांतले पलंग, पडदे, चित्रे ही सगळी मेलेल्या माणसांची. फुले तेवढी त्या सकाळची. दियानच्या दालनात आयरिस होते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मुळे आणि पाल्यासकट गाजरे रचली होती. आजीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की केर काढणारे मला दिसले नाहीत, पण फुलांचे पाणी बदलणारी एक मुलगी कळशीएवढी झारी घेऊन खोलीमागून खोली फिरताना दिसली. जवळच एक चक्रव्यूह आहे, २,००० यू झाडांच्या कुंपणांचा. झाडे खांद्याला लागतील एवढीच, मधला चौथरा सतत दिसत राहतो, आणि तरीही मी पंधरा मिनिटे अडकले. शेवटी चार-पाच वर्षांच्या एका मुलीने हात धरून बाहेर काढले. अभिमन्यूची गोष्ट तिला सांगता येईल इतके फ्रेंच मला अजून येत नाही.

वरच्या मजल्यावरची एक खोली मात्र मन जड करणारी आहे. तिसऱ्या आन्रीचा १५८९ मध्ये एका संन्याशाने सुरा खुपसून खून केला. त्याची पत्नी लुईज द लोरेन तेव्हा शेनोंसोत होती. मरण्याआधी राजाने तिला पत्र पाठवले, माझ्यासाठी प्रार्थना कर आणि तेथून हलू नकोस. तिने ते शब्दशः पाळले. त्या वेळच्या राजघराण्यातल्या रिवाजाप्रमाणे दुखवट्याची पांढरी वस्त्रे तिने धारण केली आणि आपल्या खोलीच्या भिंती व छत काळे करवून त्यावर रुपेरी अश्रू, कुदळी-फावडी, वैधव्याच्या दोऱ्या अशी चिन्हे रंगवून घेतली. ते छत आजही पाहायला मिळते. खाली दिवाणखान्यात तिच्या सासूने केलेले समारंभ आणि वर ही खोली. मध्ये फक्त एक जिना. आजोबा गेल्यावर आजीने माडीवरची खोली वर्षभर उघडली नव्हती, त्याची मला आठवण झाली. परंतु आजीने नंतर ती उघडली, धुऊन काढली आणि माझ्या अभ्यासाला दिली.

नंतरची दीडशे वर्षे मी भराभर ओलांडते, कारण त्यांत वाडा या हातातून त्या हातात गेला एवढेच. १७३३ मध्ये तो क्लोद द्युपँ या श्रीमंत गृहस्थाने घेतला आणि त्याची पत्नी लुईज हिने तेथे विद्वानांची वर्दळ सुरू केली. व्हॉल्तेअर येत असे, माँतेस्क्यू येत असे, आणि रूसो तर तिचा लेखनिक होता. स्त्रियांच्या स्थितीवर ती मोठा ग्रंथ तयार करत होती, त्याची टिपणे रूसोने लिहून काढली. ग्रंथ मात्र तिच्या हयातीत छापला गेला नाही. येथले जेवण इतके चांगले, की आपण एखाद्या मठवाशासारखे लठ्ठ झालो, असे रूसोने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. क्रांतीच्या काळात राजेरजवाड्यांचे वाडे फोडले जात होते तेव्हा शेनोंसोही गेला असता. तो का वाचला याचे जे कारण तेथे सांगतात ते अण्णांच्या कामाचे आहे. मोंरिशार आणि ब्लेरे या दोन गावांच्या मध्ये शेर ओलांडायला तेवढा एकच पूल होता. म्हाताऱ्या लुईजबाईंनी म्हणे एवढाच मुद्दा मांडला: वाडा पाडाल तर नदी कशी ओलांडाल? ज्या दोनशे फुटांवर नाच झाले होते तेच दोनशे फूट आता सार्वजनिक वाहतुकीच्या नावाने वाचले. बाई १७९९ मध्ये वारल्या आणि त्यांना येथल्याच रानात पुरले.

१९१३ पासून वाडा मेनिये या चॉकलेटच्या कारखानदार कुटुंबाकडे आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. गास्तों मेनिये यांनी स्वखर्चाने त्या लांब दालनात आणि वाड्याच्या इतर खोल्यांत लष्करी रुग्णालय थाटले. १२० खाटा होत्या, आणि १९१८ अखेरपर्यंत २,२५४ जखमींवर तेथे उपचार झाले. दालनातला त्या काळचा फोटो पाहिला: दोन्ही भिंतींना लागून लोखंडी खाटा, मधून जायला वाट, आणि खिडक्यांतून तोच उजेड. बिछान्यावरचे शिपाई खिडकीतून गळ सोडून शेरमधले मासे धरत असत, असे सांगतात. दुसऱ्या युद्धात जर्मनांनी १९४० मध्ये फ्रान्सचे दोन भाग केले आणि त्यांच्यातली हद्द येथे शेर नदीवरूनच गेली. वाड्याचा पुढचा दरवाजा जर्मनांच्या ताब्यातल्या भागात, आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाचा दरवाजा मोकळ्या भागात. लपूनछपून कितीतरी माणसांना या दालनातून पलीकडे सोडण्यात आले. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन फौजा पलीकडेही घुसल्या आणि त्या दरवाजाचा तो उपयोग संपला.

मी तो दरवाजा पाहायला मुद्दाम दालनाच्या शेवटापर्यंत गेले. इतक्या गोष्टी ऐकल्यावर काही तरी भव्य असेल असे वाटले होते. साधा लाकडी दरवाजा आहे, त्याबाहेर एक लहान पूल, आणि मग थेट रान, चिखलाची पायवाट, अंगाला खाज आणणारी झुडपे. पलीकडे फार कोणी येत नाही. मी तिथल्या ओंडक्यावर बसून तुम्ही दिलेल्या तिळाच्या वड्यांपैकी शेवटच्या दोन खाल्ल्या. उलट्या बाजूने वाडा अगदी वेगळा दिसतो. बागा नाहीत, गर्दी नाही, फक्त खांब आणि पाणी. संध्याकाळी पाच वाजून गेले होते. एक माणूस चपट्या होडीतून कमानीखालून गेला आणि त्याच्या वल्ह्याचा आवाज कमानीत दुप्पट होऊन आला.

तेव्हा अण्णा, आधी पाणचक्की, मग घर, मग पूल, मग दिवाणखाना, मग पुन्हा पूल, मग इस्पितळ आणि मग चोरवाट, असे हे उत्तर आहे. तुम्हाला ते पटणार नाही आणि तुम्ही म्हणाल, नदी ओलांडते ते पूल. ठीक आहे. पण मला तुमच्याकडून एक गोष्ट समजून घ्यायची आहे. पूल पुरा झाला १५५९ मध्ये आणि त्याच्यावर दोन मजले चढले ते दीड तपानंतर. एवढे दगडाचे ओझे पुढे येणार आहे हे धरूनच लोर्मने खांबांची जाडी ठेवली असेल, की नंतरच्या माणसाने देवावर हवाला ठेवून बांधले? पाया मऊ चुनखडीचा आणि खाली वाहते पाणी, हेही लक्षात घ्या. खांबांचे चार फोटो वेगळे पाठवते आहे; एकात माप कळावे म्हणून मी माझी छत्री उभी धरली आहे, ती बरोबर तीन फुटांची आहे. फोनवर उत्तर देऊ नका, आकृती काढून पाठवा.

आईचे गुडघ्याचे दुखणे कसे आहे ते कळवावे. आजीसाठी बागेच्या दुकानातून फुलांच्या बियांची दोन पाकिटे घेतली आहेत. वाईच्या उन्हात त्या कितपत उगवतील शंका आहे, पण परसात विहिरीच्या बाजूला सावलीत टाकून पाहावे. श्रीधरकाका-काकूंना नमस्कार आणि छोट्या ओजसला पापा. माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नसावी.

आपली,
अनघा